टपावरचं झाकण

घरात नवऱ्याला 'अहो' म्हणायचं आणि यार्डात भर माणसांत 'ए फिटर' म्हणून हाक मारायची, हे कुठल्या शाळेत शिकवतात मला ठाऊक नाही. माझी शाळा दुसरीतच सुटली, तो धडा पुढच्या इयत्तेत असेल. माझी सून मात्र बरीच पुढे शिकलेली आहे.

झालं ते असं. माझा मुलगा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर. सूनही रेल्वेतच, पण विजेच्या कामावर. आमच्या मार्गावरच्या डिझेलच्या गाड्या जाऊन विजेच्या यायच्या, त्यासाठी रुळांवर तारा ओढायच्या, त्या तारांच्या टोळीवर ती सुपरवायझर. यार्डात तिला 'तारवाल्या बाई' म्हणतात. म्हणजे नवरा ज्या इंजिनांवर पोट भरतो, त्या इंजिनांच्या मुळावर बायकोच्या तारा आलेल्या. लग्नाला हो मीच म्हटलं होतं. तेव्हा ती खांबांचे खड्डे मोजायची. खड्डे मोजणारी पोरगी गरीब असेल असं मला वाटलं होतं.

इंजिनात पाण्याची टाकी असते, इंजिन तापू नये म्हणून. तिचं झाकण वर, टपावर. त्या दिवशी शेडसमोर इंजिन येऊन उभं राहिलं, मुलगा नेहमीसारखा लोखंडी पायऱ्या चढून टपावर गेला, झाकण उघडून आत डोकावला. डोक्यावर सुनेची तार. नुसती ओढलेली, आत वीज नाही, हे शेडमधल्या मांजरालाही माहीत होतं. पण सुनेचा नियम असा, की तार ओढली त्या दिवसापासून ती जिवंत धरायची. वर चढायचं असेल तर आधी तिच्या माणसांना सांगायचं, त्यांनी वीज बंद करायची, लांब काठीनं तारेला आकडा लावायचा, आकड्याच्या वायरचं दुसरं टोक जमिनीत सोडायचं, मगच पायरीवर पाय. वीज नसली तरी हे सगळं करायचं. भातुकलीतला रिकामा भात खरा समजून जेवावा, तसं.

सून रुळांपलीकडे उभी होती. तिथून तिनं आवाज दिला, "ए फिटर, खाली उतर."

शेडमधली सगळी माणसं हातातलं काम टाकून बघायला लागली. तो उतरला. तिनं त्याच्या गळ्यातला यार्डाचा पास काढून घेतला, खिशात टाकला आणि निघून गेली.

हे मला तिनं सांगितलं नाही, मुलानंही नाही. दोघांनी मूग गिळले. सांगितलं आमच्या बोळातल्या शिंपिणीनं, आणि तेसुद्धा माझ्या ब्लाउजाची बाही लावता लावता, तोंडात टाचण्या धरून. "तुमच्या मुलाचं नवं नाव ऐकलं का हो," म्हणाली. "माझा दीर सांगत होता. शेडमध्ये आता सगळे त्याला तश्शाच हाका मारतात."

मी म्हटलं, "टाचण्या काढ आधी तोंडातून. गिळल्यास तर तुझ्या दिराला काय सांगू?"

पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

आमचं घर रुळांना पाठ लावून आहे. मोठ्या शहरातून निघालेली गाडी एकेक उपनगर मागे टाकत आमच्या स्टेशनात येते, पुढे शेड, आणि तिथं मार्ग संपतो. विजेचं काम शहराकडून सुरू झालं, त्यामुळे आमच्यापर्यंत पोचेस्तोवर लोकांच्या तोंडाला फेस आला. आधी खड्डे खणले. खड्ड्यांत पाणी साचलं, बेडूक राहायला आले. मग खांब आले. खांब उभे, तारेचा पत्ता नाही. कावळ्यांनी त्यांवर घरटी बांधली, पिल्लं मोठी होऊन उडून गेली, तरी तार नाही. मग स्टेशनावरचा पूल उंच केला, कारण खालून तार जायची होती. पायऱ्या वाढल्या, माझ्या गुडघ्यांना कुणी विचारलं नाही. मग एकदाची तार आली, तर वीज नाही. नदीच्या पुलापर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या, आणि नदीच्या अलीकडे आम्ही आपले डिझेलचा धूर खात बसलेलो. स्टेशनावर कुणी कुणाला विचारलं, काम कुठवर आलं, की दुसरा आभाळाकडे बोट दाखवायचा.

आता मात्र वीज यायचीच होती. दिवससुद्धा ठरला होता. त्याआधी शेडमधल्या प्रत्येकाची परीक्षा होणार होती, नव्या रीतीनं काम जमतं की नाही याची. जमलं तो इथं. नाही जमलं तो डोंगरापलीकडच्या शेडमध्ये, जिथं अजून डिझेलच आहे आणि पुढेही बरीच वर्षं राहील. तिथून रोज घरी येणं कुणाच्या बापाला शक्य नाही. म्हणजे माझा मुलगा तिकडे, सून इकडे तिच्या तारांपाशी, आणि मधे मी, दोन चुली बघत. घर मोडायला याहून जास्त काही लागत नाही.

आणि पास काढून घेतल्यामुळे माझ्या मुलाला परीक्षेपर्यंत मुख्य शेडची बंदी झाली. कुंपणाजवळच्या बाजूच्या रुळावर एक जुनं इंजिन सरावासाठी दिलेलं होतं, त्याच्यावर लहान पोरासारखं गिरवायचं.

त्या संध्याकाळी सून कामावरून आली. हातपाय धुतले, ओट्याशी उभी राहिली. मी चहाचं भांडं तिच्या हातातून घेतलं.

"राहू दे. तू दमली असशील. दिवसभर लोकांना खाली उतरवत होतीस."

तिला कळलं. "शिंपिणीकडे गेला होतात वाटतं."

"मी कुठं गेले होते ते सोड. नवऱ्याला अशी हाक मारतात?"

"नवऱ्याला नाही मारली, आई. टपावर चढलेल्या फिटरला मारली."

"दोन वेगळी माणसं आहेत का ती?"

"'अहो' म्हटलं असतं तर उतरले नसते." तिनं शांतपणे कपाटातून कप काढले. "घरात मी दिवसातून किती वेळा 'अहो' म्हणते? अहो, नळ बंद करा. अहो, टॉवेल उचला. ते काय करतात?"

काय करतो ते मला माहीत होतं. 'हं' म्हणतो आणि तसाच बसून राहतो. पण म्हणून मी काही मान डोलावणार नव्हते.

"आणि पास कशाला घेतलास? वीज नव्हती ना तारेत?"

"नव्हती."

"मग?"

"वीज असेल त्या दिवशी पास घेऊन काय उपयोग? आणि तारेला हात लागावा लागत नाही, आई. माणूस नुसता जवळ गेला तरी पुरतं."

मुलगा बाहेरच्या खोलीत बसून सगळं ऐकत होता. तो तिथूनच म्हणाला, "आई, जाऊ दे ना." जाऊ दे कसं? माझ्या मुलाचं नाक कापलं आणि वर मलाच वीज शिकवते.

एवढ्यावर थांबली असती तरी मी गप्प बसले असते. पण त्याच आठवड्यात तिनं माझी कपडे वाळत घालायची तार कापली. स्वयंपाकघराच्या भिंतीपासून रुळांकडच्या कुंपणाच्या खांबापर्यंत चांगली जाड लोखंडी तार होती, माझ्या नवऱ्यानं बांधलेली. तो गेला तरी तार तशीच होती, दोन ओल्या चादरी टाकल्या तरी हलायची नाही. मी बाजारातून आले तर तिच्या टोळीतली दोन माणसं तार गुंडाळून चाललेली, आणि तिच्या जागी निळी नायलॉनची दोरी.

"रुळांवरच्या तारेत वीज आली की शेजारच्या लोखंडी तारेतही येते," ती म्हणाली. "न जोडता येते."

"वीज काय शेजारीण आहे, न बोलावता यायला?"

"हो," ती म्हणाली. "तशीच."

बोळातल्या प्रत्येक घरची तार तिनं कापली, असं नंतर कळलं. पण सुरुवात आमच्यापासून केली. मी तेव्हापासून तिच्या हातचं जेवले नाही. स्वतःपुरतं वेगळं शिजवायची. माझ्या वाटणीचं उरलेलं ती सकाळी डब्यात घेऊन जायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलगा डबा विसरून गेला. विसरला की मुद्दाम ठेवला कोण जाणे, हल्ली त्याचं जेवणात लक्ष नव्हतं. मी डबा उचलला आणि निघाले. मनात ठरवलं होतं, आपल्या डोळ्यांनी त्याचं काम बघायचं, आणि संध्याकाळी तारवाल्या बाईंना सुनावायचं की माझा मुलगा काय चीज आहे.

फाटकावरचा चौकीदार मला ओळखतो. त्यानं जमिनीवरचा पिवळा पट्टा दाखवला. "मावशी, ह्याच्या पुढे नाही हं. तुमच्या सूनबाईंचा पट्टा आहे."

"जमीनसुद्धा तिचीच का रे?"

"जमीन रेल्वेची. पट्टा त्यांचा."

पट्ट्यापाशी उभी राहिले. समोर जुनं इंजिन, त्याच्या अंगावर वर जाणाऱ्या लोखंडी पायऱ्या. सगळ्यात खालच्या पायरीला लाल कापडाची पट्टी बांधलेली. ती सुनेनं बांधली होती, गाठ मी ओळखली. वर तार. एक म्हातारा ड्रायव्हर इंजिन थोडं मागे न्यायचा, थोडं पुढे आणायचा, आणि दरवेळी इंजिन थांबलं की मुलानं खालूनच काम करायचं. इंजिनाच्या कुशीत काचेची नळी होती, तिच्यात टाकीतलं पाणी दिसायचं. नळी बघायची, कमी असेल तर खालूनच पाइप लावून भरायचं. टपावर जायचं कारणच नाही.

दोनतीनदा त्यानं तसंच केलं. इतकं व्यवस्थित केलं, की मला सूनच तिथं हवी होती.

मग तो माझ्याकडे आला, डबा घेतला, इंजिनाच्या पायरीवर ठेवला. मी म्हटलं, "एवढं जमतंय तर त्या दिवशी काय झालं होतं?"

"ही नळी आहे ना, आई, ही आमच्या सगळ्या इंजिनांना आहे. पण काच नेहमी मळलेली. पाणी अर्धं आहे की पूर्ण, कळायचंच नाही. त्यामुळे आमच्या मिस्त्रीनं पहिल्या दिवसापासून सांगितलं, काच बघून काम करतो तो फिटर कसला, वर जा, झाकण उघड, डोळ्यानं बघ. सगळी शेड तसंच करते. आता हिनं काचा धुवून घेतल्या. ठीक आहे, बघू काचेत. मी काय नाही म्हणतो?"

तेवढ्यात ड्रायव्हरनं इंजिन पुन्हा मागे-पुढे करून थांबवलं. खिडकीतून डोकं काढून ओरडला, "पाणी बघ रे."

"बघतो," मुलगा म्हणाला, आणि बोलणं पुढे चालूच ठेवलं. "पण आई, चार माणसांत असं बोलायचं? मला काय अक्कल नाही? तार मला दिसत नाही का?" बोलता बोलता त्यानं दोन्ही तळहात पँटला पुसले. "एवढी वर्षं काम करतोय मी. उद्या परीक्षा घेणारा माझ्याहून लहान आहे. मी त्याला म्हणणार, साहेब, तुम्ही विचारा, तार ओढली की काय धरायची? जिवंत. वर चढायच्या आधी कुणाला सांगायचं? सगळं पाठ आहे मला. हिला वाटतं मी..."

मी मान वर करून ऐकत होते. मान वर का करावी लागतेय, हे मला उशिरा कळलं.

तो पायऱ्यांच्या टोकाला होता. लाल पट्टी खाली राहिलेली. एक हात टपाच्या कडेवर, दुसरा झाकणाकडे निघालेला, आणि तोंडानं मला सांगत होता की तार जिवंत धरायची असते.

"अरे," मी म्हटलं.

"हं," तो म्हणाला, आणि झाकण फिरवायला लागला.

"अरे बाळा."

"थांब गं, सांगतोय ना."

मग माझ्या तोंडातून काय निघालं ते निघालं. "ए फिटर, खाली उतर."

तो जागच्या जागी थिजला. हाताकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं, मग वर तारेकडे. एखाद्याला झोपेतून उठवून अनोळखी घरात उभं करावं तसं तोंड झालं त्याचं. एकेक पायरी चाचपत उतरला. शेवटच्या पायरीवरची लाल पट्टी पायात अडकली, ती त्यानं वाकून सोडवली आणि कितीतरी वेळ हातातच धरून उभा राहिला.

ड्रायव्हर दुसऱ्या बाजूला होता, चौकीदार पाठमोरा. माझ्याशिवाय कुणी बघितलं नव्हतं.

"आई," तो हळूच म्हणाला, "हिला सांगू नकोस."

मी मागे वळून फाटकाकडे बघितलं.

"उद्या मी लक्ष ठेवीन. पास झालो की संपलं."

"आज लक्ष नव्हतं का तुझं?"

"आज तुझ्याशी बोलत होतो म्हणून."

"हो ना," मी म्हटलं. "डबा खा. गार होतोय."

परत येताना पुलाच्या पायऱ्यांवर बसावं लागलं. लोकांना वाटलं गुडघे. खालून रूळ जात होते, वरून तार. मी हिशेब मांडत बसले. सांगितलं, तर मुलगा आपटणार आणि डोंगरापलीकडे जाणार. नाही सांगितलं, तर पास होणार, ह्यात मला शंका नव्हती. परीक्षेत माणूस गप्प असतो, जपून असतो. परीक्षेत कुणी त्याला घरचं काही विचारणार नाही. तो सगळी उत्तरं बरोबर देईल, काचेत बघेल, खालून पाणी भरेल आणि पास गळ्यात घालून घरी येईल. आणि मग पुढे कधीतरी, वीज आल्यावर, कुणीतरी त्याला सहज विचारेल, काय रे, आईचे गुडघे कसे आहेत. तो सांगायला लागेल, आणि सांगता सांगता तळहात पँटला पुसेल.

आणि हे जगात फक्त मला माहीत होतं. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, कारण पाय त्याला विचारून चढलेच नव्हते.

संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. त्या दिवशी मी वेगळं शिजवलं नव्हतं. सुनेनं एकदा माझ्या ताटाकडे बघितलं आणि न विचारता वाढलं. तेवढी शहाणी आहे. मुलगा मान खाली घालून भात कालवत होता. मधेच माझ्याकडे बघायचा, लहानपणी काच फोडल्यावर बघायचा तसा.

"आज मी यार्डात गेले होते," मी म्हटलं.

"आई," तो म्हणाला.

"हा टपावर चढला. माझ्याशी बोलता बोलता. तार जिवंत धरायची असते, असं सांगत सांगत चढला."

त्यानं ताट पुढे सरकवलं. "तू माझी आई की हिची?"

"मी कुणाची ते मागाहून बघू. आधी तू शिल्लक राहा."

"उद्या परीक्षा आहे, आई. एक दिवस तुला थांबता आलं नाही? तुला माहीत आहे ना, मला कुठं पाठवतील?"

"माहीत आहे. तिथं तार नाही. तिथून तू सुट्टीला तरी घरी येशील."

तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सून वाढायचा पळा हातात धरून तशीच बसली होती. मला वाटलं होतं ती म्हणेल, मी सांगत होते ना. माझं उत्तरही तयार होतं. पण तिनं एवढंच विचारलं, "किती वर?"

"टोकाला. हात झाकणावर."

पळा तिच्या हातातून भांड्यात पडला. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, कामावर एकदा तिच्यासमोर खांब कोसळला, तेव्हाही ह्या पोरीच्या हातातून काही पडलं नव्हतं. तिनं दोन्ही हात मांडीखाली घेतले, मला दिसू नयेत म्हणून. मी दुसरीकडे बघितलं.

मग ती खिडकीकडे बघून म्हणाली, "मी परीक्षा घेणाऱ्यांना काही सांगणार नाही. आईही सांगणार नाहीत. काय सांगायचं ते तुम्ही सांगा."

"आणि नाहीच सांगितलं तर?"

"तर रोज तुम्ही कामावरून घरी येईपर्यंत मी फोनकडे बघत बसेन. बसेन मी, त्याचं काही नाही."

तो खिडकीपासून वळला. परत येऊन बसला आणि ताटातला भात संपवला. गार भात त्याला मुळीच आवडत नाही.

दुसऱ्या दिवशी तो लवकर घरी आला. मी भांडी लावत होते. तो ओट्याला टेकून उभा राहिला, आणि विचारायच्या आधीच म्हणाला, "सांगितलं."

"काय?"

"की मला सगळं पाठ आहे, पण पायांना नाही. म्हटलं, मला टपाच्या कामाला घेऊ नका. तो पोरगा बघतच राहिला. म्हणाला, असं आजवर कुणी सांगितलं नाही. म्हणाला, डोंगरापलीकडे जा, नाहीतर इथंच खड्ड्यात काम कर." खड्डा म्हणजे रुळांखाली खणलेली चर. तिच्यात उतरून गाडीच्या चाकांचं आणि ब्रेकांचं काम करतात. "चाकं विजेच्या गाडीलाही असतातच."

"मग?"

"खड्ड्यावर माझाच चेला मुख्य आहे. मी ज्याला पाना धरायला शिकवला तो. आता त्याच्या हाताखाली."

मी त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला. ह्याच्यावर सांत्वन करण्यासारखं काही नसतं आणि मला ते जमतही नाही. "खड्ड्यात वर चढायला काही आहे का?" मी विचारलं.

"नाही. उतरायलाच आहे."

"मग झालं तर."

तो हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण हसला.

वीज आली ती सकाळीच आली. आदल्या दिवशी भोंगा लावलेली गाडी बोळाबोळांतून फिरली, तारांच्या जवळ जाऊ नका, पतंग उडवू नका, पुलावरून काही खाली सोडू नका. शिंपिणीनं मला हाक मारून विचारलं, "पुलावरून थुंकलं तर चालेल का, तुमच्या सुनेला विचारा." मी म्हटलं, "तू थुंकून बघ आणि मला सांग." सून पहाटेच गेली होती. मुलगा नेहमीच्या वेळेला डबा घेऊन खड्ड्यावर गेला, ह्या वेळी विसरला नाही.

मी ओट्यापाशी दूध तापत ठेवून खिडकीतून बघत होते. पहिली गाडी आली, आणि मला खरं सांगायचं तर चुकल्याचुकल्यासारखं झालं. डिझेलची गाडी आली की आधी फळीवरची भांडी वाजायची, मग जमीन हलायची, मग धूर. मी भांडी वाजली की दूध उतरवायची, वर्षानुवर्षं. ही गाडी आली तर वाटी हलली नाही. नुसती सळसळ झाली, खिडकीसमोरून डबे गेले, संपलं. माणसं दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती. आणि मागे माझं दूध सगळं शेगडीवर.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी सून मागच्या अंगणात निळ्या दोरीवर कपडे वाळत घालत होती. मुलगा दारातल्या पायरीवर बसून बूट पुसत होता. मी बाहेर जाऊन उभी राहिले. तिनं मला बघितलं आणि हातातली चादर तशीच धरून ठेवली. त्या रात्रीच्या जेवणानंतर ह्या सगळ्या प्रकाराबद्दल मी तिला चकार शब्द बोलले नव्हते, आणि आता बोलणार हे तिला कळलं.

"ऐक," मी म्हटलं. "एकदाच सांगते, पुन्हा विचारायचं नाही. त्याला खाली उतरवलंस, ते बरोबर केलंस. सगळ्यांसमोर उतरवलंस, तेही बरोबर, चढलाही सगळ्यांसमोरच होता. यार्डात 'ए फिटर' म्हणालीस, तेही मी पोटात घातलं, कारण हा दुसऱ्या कशानं उतरत नाही. घरात म्हणालीस तर गाठ माझ्याशी आहे. पण माझी तार मला न विचारता कापलीस, ते चूक. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, पण विचारायला हवं होतं. आणि ही दोरी बघ कशी लोंबतेय, चादरीचं टोक मातीत लोळतंय. एवढ्या मोठ्या रेल्वेची तार ताणून बांधतेस, सासूची दोरी बांधता येत नाही? चल, ते टोक धर आणि ओढ."